एका दिवसाचा उशीर

शिवप्रकाशनं हात वर केला तो फळीवरची काडेपेटी काढायला. खाली शिवरंजनी, त्याची बायको, फराळाच्या डब्यांची झाकणं पुसत बसली होती. हात वर गेला तशी तिची मान खाली गेली, डावा कोपर उचलून कानाशी आला, आणि हातातलं झाकण फरशीवर पडून गरगरत राहिलं. पापणी लवते तेवढ्या वेळात झालं सगळं. मग नवरा काडेपेटी घेतोय हे तिच्या ध्यानात आलं. तिनं कोपर खाली घेतला, पदर सारखा केल्यासारखं केलं, झाकण उचललं. लक्ष्मीपूजनाची सकाळ होती, चहा व्हायचा होता, त्यानं गॅस पेटवायला काडी ओढली. ती मोडली. दुसरीही मोडली. आपण काहीएक केलेलं नसताना आपल्याला चोर ठरवलं, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्याबरोबर छातीत काहीतरी तापलं आणि खांद्यावरून खाली मनगटात उतरलं. वर्ष झालं, हा हात उठलेला नाही. वर्षभर तोंडात येईल ते गिळलं, मुठी खिशात घालून फिरलो, आणि बाई अजून मान खाली घालते. न मारताही मार खाल्ल्यासारखीच वागणार असेल, तर न मारून उपयोग काय, असा एक विचार डोक्यात आला. तो आला याचं त्याला वाईट वाटलं नाही. तो किती सोपा आहे याचंच नवल वाटलं. तिसरी काडी पेटली.

मोटारसायकलवर बसून दुकानाकडं निघाला तरी तो कोपर डोळ्यांसमोरून हलेना. स्टेशन रोडला झेंडूच्या ढिगांनी रस्ता अर्धा खाल्ला होता. एक रिक्षावाला आडवा आला, तेव्हा त्याची मान धरून त्याचं तोंड हँडलवर आपटल्याचं चित्र शिवप्रकाशनं मनात अगदी बारकाईनं पाहिलं, दात कुठं पडतील इथपर्यंत, आणि मग हसून त्याला वाट दिली. अशी चित्रं त्याला दिवसातून कितीतरी दिसत. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय गोड माणूस आहे. बसस्टँडजवळच्या भाड्याच्या गाळ्यात त्याचं मिक्सर, कुकर आणि गॅस शेगड्यांचं दुकान होतं. मिक्सर विकताना तो रिकामं भांडं लावून चालवून दाखवायचा. पात्याचा तो कोरडा, कर्कश आवाज त्याला मनापासून आवडायचा. त्या आवाजात एका माणसाची बोटं एकेक करून आत जायची. तो माणूस दिसायला अगदी साधा होता, कपाळाला गंध, पायात पांढरे बूट. लॉकडाऊननंतर माल भरायला घेतलेलं कर्ज थकलं, हप्ते चुकले, शिवप्रकाशनं फोन उचलणं बंद केलं, आणि एका दुपारी बँकेच्या वसुलीचा हा माणूस आणखी दोघांना घेऊन दुकानात आला. गिऱ्हाइकं उभी असताना त्यानं शिवप्रकाशची कॉलर धरली. कॉलरबरोबर गळ्यातला दोरा आला. जन्मापासून गळ्यात असलेलं इष्टलिंग चांदीच्या डबीसकट तुटून रस्त्यावर पडलं. ते उचलायला तो वाकला, तेव्हा वरून कानाखाली बसली. शेजारच्या दुकानदारानं पाहिलं आणि नजर फिरवून आपल्या गिऱ्हाइकाला प्लग दाखवायला लागला. शिवप्रकाशनं डबी उचलली, शर्टाला पुसली, मुठीत घट्ट धरली आणि म्हणाला, "साहेब, आठ दिवस द्या." आपण त्याला साहेब म्हणालो, हे त्याला नंतर थपडेपेक्षा जास्त लागलं.

त्या दिवशी तो घरी आला तेव्हा शिवरंजनीनं एवढंच विचारलं होतं, की शर्टाची बटणं कशी तुटली. पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. वेणी मुठीत कशी बसली ते आठवतं. भिंतीवरचं कॅलेंडर हललं ते. तळवा दुखायला लागला तेव्हा आपण पाय वापरला ते. आता चौथीत असलेली ईश्वरी, त्याची मुलगी, तेव्हा लहान होती, ती पलंगाखाली शिरली होती आणि तिचा एक पाय बाहेर दिसत होता ते. आणि थांबल्यावर आपल्याला हलकं वाटलं, पोटभर रडून झाल्यावर वाटतं तसं, हेही त्याला आठवतं. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शिवरंजनीला डाव्या कानानं तेव्हापासून कमी ऐकू येतं. फोन आला की ती तो उजव्या कानाला लावते. बाकी तिच्यात काही बदललेलं दिसत नाही, आणि सकाळी झाकण पडेपर्यंत त्याची समजूत होती की खरोखरच काही बदललेलं नाही.

मार त्याला परका नव्हता. पालमला वडिलांचं, सिद्रामप्पांचं, भुसार दुकान होतं. तागडीची लोखंडी दांडी खुंटीला असायची. ज्वारी जोखताना पोरानं गिऱ्हाइकाकडं पारडं झुकू दिलं, की दांडी खुंटीवरून निघायची. सिद्रामप्पा ओरडत नसत. पूजा आटोपून, कपाळावरचे भस्माचे पट्टे ओले असताना, शांतपणे मारत, आणि मारून झालं की दांडी पुसून परत खुंटीला. अव्वा, म्हणजे त्याची आई भागम्मा, आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसायची. मधे पडायची नाही. नंतर हळद-तेल लावताना म्हणायची, बापाचा हात आहे, बापाच्या हातानं कुणाचं वाईट झालंय का. शिवप्रकाशला त्या दांडीचा वास अजून आठवतो, लोखंडाचा आणि धान्याच्या धुळीचा. वडील गेले, दुकान गेलं, अव्वा परभणीला त्याच्याकडं राहायला आली, दांडी कुठं गेली कुणास ठाऊक. ती आपल्या मनगटात येऊन बसली, असं त्याला कधी कधी वाटतं. आणि असं वाटून घेणं किती सोयीचं आहे, हेही त्याला कळतं. तो काही बुद्धू नव्हता.

पण शहाण्याचा बुद्धूपणा त्यानं एकदा केला, आणि तो व्यापाऱ्याच्या पोराशिवाय कुणी करणार नाही असा. त्या मारानंतर शिवरंजनी ईश्वरीला घेऊन माहेरी पूर्णेला निघून गेली, त्याच महिन्यात बँकेतून सेटलमेंटचा फोन आला. थोडे पैसे एकरकमी भरा, बाकीचे सोडतो. पहिल्या बोलीला हो म्हणणं त्यांच्या घराण्यात कुणाला ठाऊक नव्हतं. शिवप्रकाशनं रडून दाखवलं, उठून गेल्यासारखं केलं, परत बसला, आणि निम्म्याहूनही खाली तोडून आणलं. घरी येताना पेढे आणले. अव्वानं गल्लीत सांगितलं की माझ्या लेकानं बँकेला गुडघ्यावर आणलं. वर्ष-दीड वर्ष तो त्याच तोऱ्यात होता. मग स्वतःच्या गाळ्यासाठी कर्ज मागायला दुसऱ्या बँकेत गेला, तेव्हा तिथल्या संघप्रिया मॅडमनी स्क्रीन त्याच्याकडं वळवला. नावासमोर 'सेटल्ड' असं लिहिलेलं होतं आणि कर्जफेडीचा स्कोअर पार तळाला गेला होता. मॅडम सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "सेटल म्हणजे फेडलं न्हाई, दादा. सेटल म्हणजे बँकेनं तुमचा नाद सोडला." शिवप्रकाशनं मान डोलवली. टेबलावर काचेचा जड पेपरवेट होता. त्याचं वजन त्याला हात न लावता तळव्यात जाणवलं.

उपायही मॅडमनीच सांगितला. बँकेत मुदत ठेव ठेवायची, बँक तिला कुलूप लावणार, आणि त्या ठेवीच्या बळावर तुम्हाला कार्ड देणार. कार्डावर थोडाथोडा खर्च करायचा आणि दर महिन्याला बिल वेळेच्या आत पुरं भरायचं. वर्ष दीड वर्ष असं नीट केलं, की स्कोअर हळूहळू वर येतो. म्हणजे पैसे आपले, उधारीही आपल्याच पैशांची, आणि वर आपणच लायक आहोत हे दर महिन्याला नाक घासून दाखवायचं. शिवप्रकाशला हसू आलं. हसू ओसरल्यावर लक्षात आलं की ठेवायला ठेवच नाही. ती दिली शिवरंजनीनं. पूर्णेला ती एका खाजगी शाळेत शिकवत होती, सासरे रेल्वेतून रिटायर झालेले. तो तिला न्यायला गेला तेव्हा सासरे उठून अंगणात जाऊन बसले, ती समोर आली. स्वतःच्या साठवलेल्या पैशांचा विषय तिनंच काढला. म्हणाली, हे तुमच्यासाठी न्हाई, दुकान चाललं तर ईश्वरीची शाळा चालंल म्हणून. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली, आणि म्हणाली ते त्याच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं बसलं आहे. "बँकेचं तुमचं काय ते बँक बघंल. माझं येवढंच हाय. पुन्हा हात उठला, तर मी सांगायला थांबणार न्हाई. बैठक न्हाई, समजूत न्हाई, काई न्हाई." तो हो म्हणाला. त्या क्षणी तो अगदी खरं बोलत होता.

असं वर्ष गेलं. कार्डावर पेट्रोल, फोनचं रिचार्ज, ईश्वरीची वह्या-पुस्तकं. बिल आलं की तो तारखेच्या आधी भरायचा. बँकेनं सुचवलं होतं की बिल आपोआप खात्यातून कापून घेऊ, पण आपल्या गल्ल्यात दुसऱ्याचा हात त्याला नको होता; तो स्वतःच्या अंगठ्यानं भरायचा आणि भरल्यावर स्कोअर बघायचा. आकडा चढत होता. दुसरा एक आकडा तो कुणाला न सांगता मनात ठेवत होता. राग आला की जिना उतरून खाली जायचं, नळाखाली डोकं धरायचं, परत यायचं. असा महिना निभावला की त्याला वाटायचं, हाही हप्ता भरला. पण या हप्त्याची पावती कुठं मिळेना. बँक निदान आकडा दाखवत होती. शिवरंजनीच्या तोंडावर काही उमटत नव्हतं. ती जेवायला वाढायची, बोलायची, एखादे वेळी हसायचीही, आणि तो बाहेरून आला की आधी त्याच्या हातांकडं बघायची. त्याला वाटायचं, एकदा तिनं म्हणावं, बरं वागलात. कुणी म्हणत नाही. न मारल्याबद्दल कोण कुणाला शाबासकी देतं? तरी त्याला ती हवी होती, आणि मिळत नव्हती म्हणून तिचाच राग यायचा. संताप गिळून गिळून माणूस शांत होतो असं लोकांना वाटतं. शिवप्रकाशच्या पोटात तो नुसता साठत होता, आणि दुकानात मिक्सर जरा जास्तच वेळ चालत होता.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच बिलाची शेवटची तारीख होती. ती तो विसरला नव्हता. नांदेडच्या ठोक व्यापाऱ्यानं दिवाळीच्या मालाचे पैसे आधीच उचलले होते, खात्यात खडखडाट होता, आणि लक्ष्मीपूजनाची विक्री संध्याकाळपर्यंत जमा झाली की भरू, असा त्याचा हिशेब होता. दुपारनंतर गिऱ्हाईक असं तुटून पडलं की पाणी प्यायला सवड नव्हती. एका बाईनं कुकरची शिट्टी तपासायची म्हणून तीनदा कुकर चढवायला लावला. शिवप्रकाश हसत होता. मुहूर्त टळू नये म्हणून अव्वाचे फोनवर फोन आले, तेव्हा शटर ओढून घरी पळाला. घरी चौरंग मांडलेला होता. नवी केरसुणी, मीठ, लाह्या-बत्तासे, पालमच्या दुकानातली जुनी चोपडी, चांदीची नाणी, आणि त्यांच्यात अव्वानं यंदा त्याचं कार्डही ठेवलं होतं, हळदी-कुंकू वाहून. त्याला गंमत वाटली, जरा बरंही वाटलं. अव्वानं हात पुढं केला.

"फोन दे इकडं. गल्ला आता ह्याच्यातच हाय न्हवं? मग ह्याचीबी पूजा व्हायला पायजे."

त्यानं फोन दिला. दिवसभराचा शिणवटा, कानात कुकरच्या शिट्ट्या, नव्या शर्टाची टोचणारी कॉलर, हे सगळं होतंच, आणि अव्वा म्हणाली की द्यायचं ही लहानपणापासूनची सवय. फोनच्या पाठीवर कुंकवाचं बोट लागलं. फोन चौरंगावर गेला. आणि व्यापाऱ्याच्या घरी लक्ष्मी एकदा बसली, की पाडव्याच्या मुहूर्तापर्यंत चौरंगावरची कुठली वस्तू उचलत नाहीत, घरातून पै बाहेर जाऊ देत नाहीत, दारात कुणी सुट्टे मागायला आलं तरी नाही. हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. हे सगळं आठवलं ते आरती चालू असताना, फोनचा पडदा उजळला तेव्हा. कुंकवाआडून अक्षरं स्पष्ट वाचता येत होती. बिल भरण्याची आज शेवटची तारीख. पडदा विझला. ईश्वरीनं टाळ्या वाजवता वाजवता बापाकडं पाहिलं.

आरती संपते ना संपते तोच त्याचा हात फोनकडं गेला, आणि अव्वानं मनगट धरलं. हाडकुळी बोटं, पण पकड जुनी. ती म्हणाली, बसलेली लक्ष्मी उठवायलास का, आज घरातून पैसा जात न्हाई. तो म्हणाला, अव्वा, बिल आहे, आज नाही भरलं तर सगळं मातीत जातं. ती म्हणाली, तुझा बाप मरणाच्या दारात होता तेव्हा दवाखान्याचे पैसेसुद्धा आपण पाडव्याला दिले. तो म्हणाला, दवाखान्याचं वेगळं. आपला आवाज चढतोय हे त्याला ऐकू येत होतं. जिना उतरून नळाखाली जायला हवं, हेही आठवलं. पण खाली अंगणात पोरं फटाके उडवत होती, घरमालक नवे कपडे घालून खुर्चीत बसला होता, त्याच्यासमोर सणासुदीला डोकं भिजवत उभं राहायचं कसं? मग शिवरंजनी बोलली. समईची वात पुढं सारता सारता, अगदी साध्या आवाजात. तिला तंटा मिटवायचा होता.

"राहू द्या की. सकाळी पाडव्याच्या मुहूर्तावर भरा. एका दिवसानं काय होतंय?"

एका दिवसानं काय होतंय. वर्षभर एकेक महिना दातांत धरून काढला, आणि ही म्हणते एका दिवसानं काय होतंय. तिला काय, ती वर्षभर बघतच बसली आहे, कधी चुकतोय म्हणून. सकाळचा कोपर त्याला दिसला. वसुलीवाल्याचे पांढरे बूट दिसले, संघप्रिया मॅडमचा वळवलेला स्क्रीन, शेजारच्या दुकानदाराची फिरवलेली नजर. हे सगळं एका रेषेत येऊन तिच्या तोंडापाशी थांबलं. रागात माणसाला काही दिसत नाही, असं म्हणतात. शिवप्रकाशला लख्ख दिसत होतं. मनगट धरलेलं अव्वानं, ते त्यानं तिला न दुखवता, अलगद, एकेक बोट उकलून सोडवलं. आणि मोकळा झालेला हात शिवरंजनीकडं गेला. तिनं या वेळी कोपर उचलला नाही. पहिल्या फटक्यात ती चौरंगाच्या कोपऱ्यावर गेली, लाह्या उधळल्या, समई कलंडून तेल फरशीवर पसरलं. ओठ फुटला, दात रक्तानं रंगले. तो थांबू शकत होता. तिथं एक क्षण असा होता, दार उघडं असल्यासारखा, की त्याला थांबता येत होतं, आणि ते त्यानं पाहिलं, आणि त्यानं दुसऱ्यांदा मारलं. मग तिसऱ्यांदा, केस धरून. तळव्याला तिच्या दाताची कड लागली. खाली लवंगी फटाक्यांची माळ तडतडत होती, तिच्या आवाजात घरातला आवाज कुणाला ऐकू गेला नसेल. शिवरंजनी ओरडली नाही. ती त्याच्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत भीती नव्हती. काहीतरी संपलं की सुटल्यासारखं वाटतं, तसलं काहीतरी होतं.

तो थांबला तो दम लागल्यामुळं. ते जुनं हलकेपण परत आलं. ईश्वरी दारात न पेटवलेली फुलबाजी धरून उभी होती. आता ती पलंगाखाली मावण्याएवढी लहान राहिली नव्हती. तिनं फुलबाजी खिडकीत नीट ठेवली, ओढणी आणली, आईच्या ओठाला लावली, आणि दोघी आतल्या खोलीत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला. अव्वा खाली बसून नाणी गोळा करत होती. समई तिनं उभी केली, तेल घातलं, वात लावली, चोपडीवरचे लाह्यांचे दाणे फुंकरीनं उडवले. "पूजेत असं करतेत व्हय रे," एवढंच म्हणाली. पूजेत. फोन जिथं होता तिथंच होता, तेलाचा एक ओघळ त्याच्या कडेपर्यंत आलेला. आता तो उचलून बिल भरायला कुणाची आडकाठी नव्हती. तारीख अजून बदललेली नव्हती. शिवप्रकाश फोनकडं बघत राहिला. बायकोच्या तोंडावर पडलेला हात चौरंगावरची वस्तू उचलायला धजेना. बिल काही भरलं गेलं नाही.

पाडव्याच्या सकाळी अव्वानं पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, नवरा ताटात ओवाळणी घालतो. काही झालं तरी सण अडत नाही, अशी अव्वाची खात्री. शिवप्रकाश अंघोळ करून, नवा शर्ट घालून पाटावर जाऊन बसला. आपण का बसलो, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. बसून राहिलं तर ती येईल, ताट फिरवेल, आणि कालचं कालवर जाईल, असं कुठंतरी खोल वाटत असणार. खिशात नोटा घडी करून ठेवल्या होत्या. मनात शब्द जुळवत होता. बिलाचं टेन्शन होतं. काल सकाळी तू उगंच मान खाली घातलीस. एवढं वर्ष मी. प्रत्येक वाक्य सुरू होऊन मध्येच तुटत होतं. आतली कडी निघाली. शिवरंजनी शाळेत नेसायची तसली सुती साडी नेसून बाहेर आली. ओठ सुजून काळा पडला होता. पाठीमागं ईश्वरी, केस विंचरून दोन वेण्या घातलेली, दप्तर पाठीला. शिवप्रकाश पाटावरून अर्धवट उठला. रांगोळी त्याच्याच पायानं पुसली गेली. शिवरंजनीनं त्याच्या हातांकडं पाहिलं नाही, तोंडाकडंही नाही. चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. पूर्णेला म्हणाली होती तसंच, ती सांगायला थांबली नाही. अव्वा कठड्यापर्यंत गेली, सणाचं निघतेत का घरातून, असं दोनदा म्हणाली, आणि परत येऊन तिनं चौरंगावरचा फोन पदरानं पुसून त्याच्या हातात दिला. आता मुहूर्त लागलाय, म्हणाली, भर तुझं काय ते.

त्यानं भरलं. अंगठा दोनदा चुकला. पैसे गेल्याचा आवाज आला तरी जीव टांगणीला लागलेलाच. आता काय पडलं असेल, किती खाली गेलं असेल, वर्ष पाण्यात गेलं का. त्यानं बँकेच्या मदत क्रमांकाला फोन लावला. बराच वेळ सनई वाजत होती, मग एक मुलगी बोलायला लागली, सणाच्या शुभेच्छा वगैरे. त्यानं घाईघाईनं सांगितलं, की कालची तारीख चुकली, एका दिवसाचा उशीर झाला, आता स्कोअरचं काय. मुलीनं खातं उघडलं असावं. कीबोर्डची टकटक ऐकू आली. म्हणाली, "सर, काही काळजी करू नका. तीन दिवसांच्या आत भरलं तर आम्ही उशीर धरत नाही. दंड नाही, स्कोअरलाही काही होणार नाही. तुमचं खातं अगदी व्यवस्थित आहे." त्यानं परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं, जास्त सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. तो भिंतीला टेकून खाली बसला. आधी त्याला नुसता आनंद झाला. लाज वाटायला हवी होती ती नंतर आली, आणि आली तीही आनंदाच्या मागोमाग, रेंगाळत. ही गोष्ट कुणालातरी सांगायलाच हवी, असं त्याला वाटलं, आणि सांगण्यासारखं जगात एकच माणूस होतं. ती बरोबर बोलली होती. एका दिवसानं काही झालं नव्हतं. हे कळलं तर ती, काय, ते त्याला पुढं सुचलं नाही, पण त्यानं फोन लावला.

बराच वेळ वाजल्यावर फोन ईश्वरीनं उचलला. मागं रेल्वेचा डबा गजबजलेला होता, कुणीतरी चिवडा विकत होतं.

"आमी पिंगळीला आलाव," ती म्हणाली. पिंगळी म्हणजे पूर्णेच्या वाटेवरचं स्टेशन.

आईला फोन दे, असं तो म्हणाला. तिकडं काहीतरी हळू बोलणं झालं. ईश्वरी म्हणाली, आई बोलणार नाही. मग त्यानं तिलाच सांगितलं, भराभरा, शब्दांवर शब्द चढवत. आईला म्हणावं, बिल भरलं. बँकेत विचारलं मी. एका दिवसाचं काही धरत नाहीत ते. तीन दिवस सवड असते. काही बिघडलं नाही म्हणावं, स्कोअर आहे तसाच आहे, सगळं व्यवस्थित आहे. ईश्वरीनं शब्दन् शब्द आईला सांगितला, बहुतेक तिच्या उजव्या कानाशी वळून, मोठ्यानं, डब्यातल्या माणसांना ऐकू जाईल असा. मग ईश्वरी परत फोनवर आली. आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. वर्गात न समजलेलं गणित विचारावं तसं तिनं विचारलं.

"मग आईला कशामुळं मारलं, पप्पा?"

त्यानं तोंड उघडलं. बिलामुळं, असं म्हणायचं होतं, आणि ते तर त्यानं स्वतःच आत्ता खोडून काढलं होतं. आत अव्वा चौरंग आवरत होती. फोनमधून गाडी हलल्याचा धक्का ऐकू आला, कुणाचातरी डबा पडला, आणि ईश्वरी फोन कानाला लावून उत्तराची वाट बघत राहिली.